विश्लेषण : अ‍ॅपवर शिल्लक दिसते, पण पैसा कुठे असतो?

मोबाइलवर दिसणारी शिल्लक म्हणजे पैसा नव्हे, ती फक्त नोंद असते. नोंद आणि पैसा यांचा मेळ तुटला की काय होते, हे पेणकरांनी २०१० मध्ये अनुभवले. अमेरिकेतील स्टार्टअप जगताला तोच धडा २०२४ मध्ये मिळाला.

पेणमध्ये काय घडले?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांतून पैसा बाहेर गेल्याचे चौकशीत पुढे आले. पासबुकावरचा आकडा तसाच होता, त्यामागचा पैसा नव्हता. ठेवीदारांच्या वाट्याला मोर्चे आणि कोर्टाच्या तारखा आल्या.

‘सिनॅप्स’मध्ये काय बिघडले?

अ‍ॅप कंपन्या आणि बँका यांना जोडणारी ही मध्यस्थ कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. पैसा बँकांत होता, तर कोणाचा किती याचा हिशेब सिनॅप्सच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही आकडे जुळेनात. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तफावत सांगितली. बँक बुडालेली नसल्याने ठेव विमाही लागू झाला नाही. दोन्हीकडची कारणे वेगळी, पण ठेवीदाराची अवस्था सारखीच.

भारतात संरक्षण किती?

बँकेतील ठेवींवर ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. मात्र वॉलेटमधील शिल्लक ही बँक ठेव नव्हे, तिला हे विमाकवच नाही. यूपीआयचे तसे नाही. तिथे पैसा एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जातो, अ‍ॅप तो स्वतःकडे ठेवत नाही.

मग नवउद्यमींनी काय करावे?

‘आधी बाजारात उतरवा, चुका नंतर दुरुस्त करू’ हा सॉफ्टवेअर क्षेत्राचा आवडता मंत्र. फोटोच्या अ‍ॅपला तो चालेल, लोकांच्या ठेवींना नाही. बँकेशी रोजच्या रोज ताळेबंद जुळवणे, चुकलेली नोंद न पुसता उलट नोंद करणे, खातेदारनिहाय हिशेबाची प्रत बँकेकडेही ठेवणे आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी, एवढे पहिल्या दिवसापासून हवेच. छोट्या कंपनीला हा खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद पटणारा नाही. ज्याला हिशेब जुळवणे परवडत नाही, त्याने दुसऱ्याचा पैसा सांभाळायला घेऊ नये.

कायदा पुरेसा आहे का?

रोह्याशी जवळचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कार्यकाळात, १९४९ मध्ये, बँकिंग नियमन कायदा आला. सहकारी बँका त्याच्या कक्षेत १९६६ मध्ये आल्या. तरीही शेजारच्या पेणमध्ये व्हायचे ते झालेच. कायद्याला रोजच्या तपासणीची जोड नसेल, तर वहीच्या जागी सॉफ्टवेअर आल्याने काहीच बदलत नाही. म्हणून नव्या अ‍ॅपमध्ये पैसे ठेवण्यापूर्वी एकच विचारावे : हा पैसा कोणत्या बँकेत आणि कोणाच्या नावावर आहे? उत्तर सरळ मिळाले नाही, तर पैसा आपल्या खात्यातच बरा.