जखम ही नायकाची कसोटी नव्हे

शृंगारिक प्रेमकादंबरीला अश्लील म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची बाजू मला घ्यायची नाही. बाईची कामेच्छा मध्यभागी ठेवून तिला सुख मिळालं का, हे विचारणारे लोकप्रिय साहित्यप्रकार फार थोडे, आणि हा त्यांतला एक. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईचाही त्या सुखावर पूर्ण हक्क आहे. ‘असल्या विषयात शृंगार आणूच नये’ असं बजावणारे तिला जन्मभर सुतकात बसवतात. माझं भांडण आहे ते या कादंबऱ्या तिच्या जखमेला ज्या कामाला लावतात त्याच्याशी. तिथं जखम तिची असते आणि परीक्षा नायकाची. आघात जितका खोल, तितका तो भरून काढणारा पुरुष थोर.

अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ १९७२ मध्ये आली. आधुनिक शृंगारिक प्रेमकादंबरीची सुरुवात सहसा तिथूनच धरतात. तिच्यात नायकच नायिकेवर बलात्कार करतो, कारण तो तिला वेश्या समजलेला असतो. तिला गर्भ राहतो, लग्न लावलं जातं, आणि बऱ्याच पानांनंतर दोघांचं प्रेम जुळतं. गैरसमज हा गुन्ह्याचा खुलासा आणि लग्न हे प्रायश्चित्त! जणू वेश्या असती तर प्रश्नच नव्हता. अत्याचार करणाऱ्याच्याच गळ्यात मुलगी बांधून ‘प्रकरण मिटवायचा’ तोडगा ज्या समाजात आजही सुचवला जातो, तिथल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ही कल्पना आहे, बायकांना हेच वाचायला आवडतं. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये अमेरिकेतल्या एका शहरातल्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. प्रेमकथेत काय कधीच नसावं, या प्रश्नाच्या उत्तरांत बलात्कार अगदी वर होता. तरीही त्यांच्या आवडत्या पुस्तकांत ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ होतं. मला यात बायकांचा दुटप्पीपणा दिसत नाही. बलात्कार नको हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याला बलात्कार म्हणायचंच नाही, एवढी सोय लेखनाने करून दिली होती.

ही सोय पुस्तकाबाहेर काय करते ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्याच १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. चार कायदेशिक्षकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. निव्वळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही, हे तर बलात्काराच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. भीतीने शरीर गोठतं. स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे मनाचा होकार नव्हे. ‘तोंडाने नको म्हणाली तरी तिचं शरीर हो म्हणत होतं’ हे वाक्य मात्र मोबाइलवर क्रमशः वाचल्या जाणाऱ्या मराठी प्रेमकथांतही शृंगार म्हणून खपतं. कल्पनेला मोकळीक हवीच. पण आरोपीचा वकील ज्या तर्कावर उभा राहतो, तोच तर्क नायकाच्या तोंडी घालताना लेखकाला शब्दांची जबाबदारी झटकता येणार नाही.

दुसरं उत्तर अधिक विचार करण्याजोगं आहे : प्रेमाने माणूस बरा होत नाही का? होतो. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’त हेच मांडलं, की एकटेपणात कुणी सावरत नाही, नात्यांतूनच सावरतं. पण त्यांची पहिली अट अशी, की सूत्रं सोसलेल्या माणसाच्याच हाती हवीत. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग जगाशी पुन्हा जोडलं जाणं. आणि या वाटेवर माणूस अनेकदा मागेही येतो. कादंबरीला मधला शोक नको असतो, कारण तो थांबायला लावतो. ‘फिफ्टी शेड्स’ या कादंबरीचा नायक ख्रिश्चन ग्रे पाहा. बालपणी सिगारेटचे चटके, पंधराव्या वर्षी आईच्या मैत्रिणीने सुरू केलेला लैंगिक संबंध, छातीला कुणी हात लावलेला सहन न होणं. पुरुषाच्या वाट्याला आलेलं हे शोषण इतक्या लोकप्रिय कादंबरीत येणं ही मोठी संधी होती. त्याचे मनोविकारतज्ज्ञसुद्धा गोष्टीत आहेत. पण त्याला बरं करण्याचा भार पडतो अननुभवी, विशीतल्या नायिकेवर, ॲनावर, आणि काही महिन्यांत तो हलकाही होतो. वर त्याची वेगळी लैंगिक आवड हेच त्याच्या जखमेचं लक्षण ठरतं. म्हणजे आघातही खरा वाटत नाही आणि आवडीलाही न्याय मिळत नाही.

मग काय लिहावं? मला वाटतं, अधिक धीट शृंगार लिहावा. अत्याचारानंतर स्वतःच्या शरीराशी पुन्हा ओळख करून घेणारी बाई मला वाचायची आहे. ती कधी एकटीच सुख शोधेल. कधी स्वतःहून जवळ येईल आणि मध्येच थांबेल. परवा आवडलेला स्पर्श तिला आज नको असेल, आणि नायकाने त्याचा हिशेब मागू नये. थांबणं, विचारणं, पुन्हा विचारणं यांत उत्कटता मरते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तसे प्रसंग मन लावून लिहूनच पाहिलेले नाहीत. नायकालाही तिथं भूमिका आहे. त्याने तिचा नकार आपला अपमान समजू नये. आणि लग्नानंतर, मूल झाल्यावरही तिच्या जुन्या भीतीने डोकं वर काढलं, तर ते नातं फसलं असं लेखकाने समजू नये.

मराठीत या प्रकारचं लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत आज बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं आहे : तुमच्या नायिकेला शेवटच्या पानापर्यंत ‘नको’ म्हणता येईल असं लिहा, आणि जिथं तिला ते म्हणता येत नाही त्या गोष्टीला प्रेमकथा म्हणू नका.