'नसणे' चालवून पाहा



'नसणे' हे आपले क्रियापद मोठे मजेशीर आहे. इंग्रजीत आधी 'असणे' घ्यावे लागते आणि मग त्याला 'नॉट' चिकटवावे लागते. मराठीत नसण्यासाठी स्वतंत्र शब्द आहे आणि तो तिन्ही काळांत चालतो. मी नव्हतो, मी नाही, मी नसेन. वर्गात आपण तो 'माझ्याकडे पेन नाही', 'पुढच्या रविवारी बाई नसतील' एवढ्यापुरताच वापरतो. आमचे म्हणणे असे की तो प्रथम पुरुषात, भविष्यकाळी, एकदा तरी मोठ्याने चालवून पाहावा. मी नसेन. आम्ही नसू.

असे म्हणताच घरोघरी काय होईल ते आम्हांला ठाऊक आहे. "शुभ बोल नाऱ्या!" "तिन्हीसांजेला भलतेसलते बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." आपली भाषाच या बाबतीत भारी जपून पावले टाकते. घरातून निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. आणि माणूस देवाघरी जातो. गंमत म्हणजे लग्नाचा आल्बम बघताना "यात मी कुठे आहे?" असे विचारणाऱ्या मुलालाही आपण हेच सांगतो, की तेव्हा तू देवाघरी होतास. म्हणजे 'नव्हतास' आणि 'नसशील' या दोन्हींना एकच पत्ता!

परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र हा विषय टाळणे परवडत नाही. गावी कोणी गेले की रात्री-अपरात्री फोन येतो. एकजण मिळेल त्या विमानाने निघतो, दुसरा मुलांपाशी थांबतो. मुलांना ना शेवटचे दर्शन, ना दहावा-तेरावा. सुट्टीत गेल्यावर एकदम आजोबांची रिकामी आरामखुर्ची दिसते. आमच्या घरी हे गेल्या वर्षी झाले. त्यानंतर आठवड्याभराने आमच्या आठ वर्षांच्या कन्येने जेवताना विचारले, "नसताना कसं वाटतं? खूप अंधार असतो का?"

या प्रश्नाचे उत्तर व्याकरणातच आहे असे आम्हांला वाटते. पाहा, आत्ताच 'आम्हांला' म्हणावे लागले! 'वाटणे' या क्रियापदाला कोणीतरी लागतो. मला वाटते, तुला वाटते, आजोबांना वाटते. जिथे 'मला' म्हणणाराच नाही, तिथे वाटण्याचे काम थांबले. अंधाराचेही तसेच. अंधार दिसायलासुद्धा डोळे लागतात. मुलांनो, एक प्रयोग करा. तुमच्या कोपराला आत्ता काय दिसते आहे? काळे दिसते आहे का? काळेही नाही, पांढरेही नाही. कोपर बघतच नाही.

आपण नसण्याची कल्पना करू लागतो तेव्हा फसतो ते इथेच. आपला फोटो, त्याला हार, भोवती रडणारी मंडळी, सारे अगदी स्पष्ट दिसते. पण ते बघणारे आपण पडद्याआड उभेच असतो! 'मी नव्हतो' हे खरे वाक्य आहे, 'मी नसेन' हेही खरे आहे. पण 'मी नाही' हे आजवर कोणालाही खरेपणाने म्हणता आलेले नाही. म्हणायला गेले की "बाबांनी सांगितलंय की ते घरी नाहीत" असे फोनवर सांगणाऱ्या मुलासारखी गत होते.

त्यातल्या त्यात जवळचा अनुभव म्हणजे शस्त्रक्रियेची भूल. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हापासून माणसे हा अनुभव घेत आली आहेत. झोपेतून उठल्यावर मधे काही वेळ गेल्याचे जाणवते. भुलेतून उठलेले बरेचजण सांगतात की डोळे मिटले आणि लगेच उघडले, मधले तास गायब. आम्ही संगणकवाले, त्यामुळे आम्हांला लगेच आमचे यंत्र आठवते. ते रात्रभर बंद असले तरी त्याला रात्र कंटाळवाणी होत नाही. किती वेळ गेला हे ते आतल्या घड्याळावरून वाचते, आणि त्या घड्याळाची बटणासारखी बॅटरी संपली तर तेही नाही. अर्थात भूल म्हणजे मरण नव्हे, आणि माणूस म्हणजे संगणक नव्हे.

आपल्याला जमते ते वेगळेच. आपल्याविना जग कसे असेल, हे मात्र चांगले डोळ्यांपुढे आणता येते. सिंगापूरकरांना तर ते नकाशावर दाखवता येते. बिदादरीला आज मुले सायकली चालवतात. तिथे मोठे कब्रस्तान होते. १९७२ मध्ये तिथले दफन बंद झाले, आणि २००१ ते २००६ या काळात लाखाहून अधिक कबरी उकरून अवशेष दुसरीकडे नेण्यात आले. मग सदनिका उठल्या. जागा इतकी अपुरी की १९९८ पासून इथे नव्या कबरीला पंधराच वर्षांची मुदत आहे. त्या माणसांविना बस वेळेवर येते, शाळेची घंटा होते. आमच्याविनाही होईल. मुलांना हे सांगितले तर ती आपण समजतो तितकी घाबरत नाहीत. आमच्या कन्येने एवढेच विचारले की वर्गातली तिची जागा कोणाला देणार.

मुलाला असे प्रश्न विचारू न देणे ही आपली परंपरा आहे असे कोणी म्हणू नये. कठोपनिषदातला नचिकेत लहानच होता. मेल्यावर माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, खरे काय, असे त्याने थेट यमालाच विचारले. यमाने आधी तेच केले जे आपण करतो. हत्ती घे, घोडे घे, सोने घे, पण हे विचारू नकोस. (आपण आइस्क्रीम देतो.) पोरगा हटला नाही. पुढे यमाने आत्म्याविषयी जे सांगितले ते कितपत मानायचे हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे, आम्ही त्यात पडत नाही. पण विचारणाऱ्याला यमानेही शेवटी बसवून घेतले.

एक मात्र खरे. 'मी नसेन' याची भीती कमी करता येते, पण 'आजोबा नाहीत' याला तोड नाही. ते वर्तमानकाळी आहे आणि खरे आहे. तिथे कोपराचा प्रयोग सांगून उपयोग नाही. तिथे फोटो काढून बसावे आणि रडू आले तर रडू द्यावे.

मागच्या महिन्यात वर्गात 'माझे आजोबा' हा निबंध होता. एका मुलाने सगळा निबंध वर्तमानकाळात लिहिला. आजोबांना क्रिकेट आवडते, ते चहात खारी बुडवून खातात. त्याचे आजोबा वारले आहेत हे बाईंना माहीत होते. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका तांबड्या शाईने दाखवल्या आणि काळ तसाच राहू दिला.