मास्तरचा मान चुलीपाशीं ठरतो

जून महिना आला कीं आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपैकीं पुष्कळजण पोराचें बखोट धरून शाळेंत येतात आणि सांगतात, "मास्तर, ह्याला खुशाल झोडा, आमची कांहीं तक्रार नाहीं." त्यांस वाटतें, हा त्यांनीं आमचा मोठाच मान केला. बंधूंनो, असला मान आम्हांस नको. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलास मारण्याची व त्याचा मानसिक छळ करण्याची मनाई केलेली आहे. पण कायदा नसता तरी आम्हीं हेंच म्हटलें असतें. मार खाल्लेलें पोर गप्प बसतें, आणि न समजलेलें विचारावयाची त्याची छाती होत नाहीं. गुरुभक्तीचे गोडवे गाणारांनीं एकलव्याचा आंगठा कोणीं मागून घेतला, तेंही एकदां आठवावें.

खरी गोष्ट निराळीच आहे. आमच्या वर्गांत एका सुताराचा मुलगा होता. हिशेबांत हुशार. तो एकाएकीं गृहपाठ करीनासा झाला, व कांहीं सांगूं गेलें कीं खालीं मान घालून हंसे. चौकशी करतां कळलें कीं, रात्रीं जेवतांना बाप पोरासमोर म्हणे, "मास्तराला काय, बसून पगार! वाकस धरतां येतो का त्याला?" आम्हांस राग आला, खोटें कशाला सांगावें? मग आठवलें कीं, जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनांत हेंच मागितलें होतें. शाळेचा शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा. प्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरावयास त्याला लाज वाटूं नये.

एका रविवारीं आम्हीं त्या सुताराच्या पडवींत गेलों व वाकस हातीं घेतला. लांकडाऐवजीं आमचें बोटच तासलें जावयाचें, तें थोडक्यांत वांचलें! सुतार पोट धरून हंसला. मग त्यानें गुण्या लावून काटकोन कसा साधतात तें दाखविलें, आणि आमच्या विनंतीवरून पुढच्या आठवड्यांत वर्गांत येऊन मुलांसही दाखविलें. त्यानंतर त्या पोराची वही नेमानें येऊं लागली.

आमच्या शिक्षकबंधूंसही सांगणें आहे. "तूं गुरेंच राख" असें जो भर वर्गांत बोलतो, तो त्या पोराच्या बापाचा धंदा हिणवतो. त्याला घराघरांतून मान कोण देईल?

पालकांकडे मागणें थोडकें. मास्तर चुकत असेल तर शाळेंत येऊन त्याच्या तोंडावर सांगा. जेवतांना पोरासमोर त्याची टवाळी करूं नका. सुगीच्या दिवसांत मूल घरीं ठेवूं नका. आणि पालकसभेस या. पुरुष बहुधा येतच नाहींत. बाया मजुरी बुडवून येतात आणि दाराशींच उभ्या राहतात. त्यांनीं आंत येऊन बसावें, पोराची वही मागून घ्यावी व उलटून पाहावी. वाचतां येत नसलें तरी पान भरलेलें आहे कीं कोरें, हें त्यांस दिसेलच. आणि आई वही पाहते हें पोरासही दिसेल.