खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरच

नांदेड/लातूर - शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे शब्द कानी पडताच नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. नवजात बालकाच्या पोटातील जन्मजात व्यंगाबाबत मात्र खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

बेंबीलगतच्या छिद्रातून आतडी उघड्यावर येण्याच्या व्यंगाला 'गॅस्ट्रोस्कायसिस' म्हणतात. आतडी पोटात बसविली, तरी ती लगेच काम करीत नाहीत. काही दिवस, कधी काही आठवडे बाळाला शिरेवाटे पोषण द्यावे लागते. नळीतून येणारा हिरवा स्राव ओसरला, की आईचे दूध थोडे थोडे सुरू होते. या काळात जंतुसंसर्ग हाच मोठा शत्रू. 'लॅन्सेट'मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ७४ देशांच्या अभ्यासात या व्यंगाच्या बालकांचा मृत्युदर श्रीमंत देशांत १.४, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९, तर गरीब देशांत ९० टक्के आढळला. एवढी दरी केवळ टाके घालण्याच्या कौशल्याने पडत नाही. वेळेवर पोहोचणे आणि नंतरची शुश्रूषा यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ती बालके या व्यंगाची होती असे नव्हे. पण नवजात कक्षावरील ताण त्यातून उघड झाला. या रुग्णालयावर किनवट-माहूरपासून, तर लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेवर उदगीर-अहमदपूरपासूनची गरीब कुटुंबे विसंबून असतात.

घरी सोडल्यावरचा टप्पाही तितकाच नाजूक. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरपोच नवजात देखभाल आज देशभर 'आशां'मार्फत चालते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. परंतु बाळंतीण माहेरी, नोंद सासरी किंवा कुटुंब ऊसतोडीला, अशा स्थितीत साखळी तुटते. शिवाय २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतील नऊ जन्मजात व्यंगांत पोटाच्या या व्यंगाचा समावेश नव्हता.

घरच्यांनीही घुटी, मध आणि पोटावरील तेल-मालीश टाळलेलेच बरे. हिरवी उलटी, फुगलेले पोट, दूध न ओढणे किंवा अंग गार पडणे दिसताच रुग्णालय गाठायला हवे. ही माहिती मायबोलीत लिहून आईच्या हाती देण्यास फारसा खर्च येत नाही. शस्त्रक्रियेने वाचविलेले बाळ पाठपुराव्याअभावी गमावणे, हे कोणत्याही यंत्रणेला परवडणारे नाही.