माळढोक परदेशातून मिळणार नाही

नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून कुनोत चित्ते आले, तेव्हापासून एक सूचना वरचेवर कानावर येते: सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक पक्षी दिसत नाही ना, मग तोही परदेशातून आणा, त्याची पैदास करा आणि माळावर सोडा. यामागची तळमळ खरी आहे, पण मार्ग चुकीचा आहे.

मुळात आणणार कुठून? माळढोक भारताबाहेर फक्त पाकिस्तानच्या सीमाभागात, तोही नाममात्र उरला आहे. आफ्रिकेतला कोरी पक्षी त्याच्याच कुळातला असला तरी त्याची जात वेगळी. तो आणला तर परका पक्षी आणि त्याच्याबरोबर कदाचित परके रोगही आपल्या माळावर येतील. माळढोक काही परतणार नाही.

परदेशातून घेण्याजोगी होती ती विद्या, आणि ती आपण घेतली आहे. अबू धाबीत हुबारा पक्ष्यांच्या पैदाशीसाठी वापरले जाणारे तंत्र आपले शास्त्रज्ञ शिकून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. नर रामदेवराच्या केंद्रातला, मादी समच्या केंद्रातली. उद्या तिथली पिल्ले महाराष्ट्राला मिळूही शकतील. पण आपण ती सोडणार कुठे?

१९७९ मध्ये सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरवर जाहीर झालेले नान्नजचे माळढोक अभयारण्य पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. गावेच्या गावे निर्बंधांत अडकली होती, त्यामुळे हद्द कमी करणे रास्तच होते. पण उरलेला माळ तरी आपण नीट राखला का? माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. लांडगा, कुत्रा किंवा माणूस लांबून दिसला तरच तिला सावध होता येते. अशा मोकळ्या गवताळ जागेत वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्पाच्या झाडांची दाटी करण्यात आली. त्यात भर विजेच्या तारांची: उडताना या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे चटकन वळता येत नाही. त्यामुळे या तारा त्याचा जीव घेतात.

नान्नज हे 'सोनाका' द्राक्षांचे गाव. तिथल्या शेतकऱ्याने बाग लावू नये, असे कोणी म्हणू नये. पण जो शेतकरी माळालगत जिरायत ज्वारी, हरभरा घेईल आणि विणीच्या काळात फवारणी टाळेल, त्याला सरकारने एकरी मोबदला द्यावा. माळढोक टोळ-नाकतोडे खातो. त्यामुळे फवारणी नसलेली अशी शेते त्याला आधारच देतात.

म्हणून वनविभागाला आग्रहाची विनंती आहे. नान्नज-मार्डीच्या माळावरचे गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढा, गवत राखा, माळावरून जाणाऱ्या तारा जमिनीखाली घाला आणि भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा. या कामांचे वेळापत्रक जाहीर करा आणि ती पूर्ण झाली की राजस्थानकडे पिल्लांची मागणी नोंदवा. माळ तयार नसताना पिल्ले आणणे म्हणजे त्यांना मरणाच्या दारात सोडणे होय.

आपला,
एक पक्षिप्रेमी वाचक, सोलापूर