जुन्या मशीनचा सौदा

आपल्या घरात कॉम्प्युटर नाही याची किंमत आपण रोज मोजतोय आणि तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरायचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, सगळ्याच्या पीडीएफ करायच्या. फोटो इतक्या केबीच्या आत, सही तितक्या केबीच्या आत. सहा इंची काचेवर बोट सरकतं, पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं, भरलेलं सगळं पाण्यात. शेवटी पोरगं नाक्यावरच्या सायबरमध्ये जाऊन रांगेत बसतं. अर्जाचे पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे. ‘साइट स्लो आहे, उद्या या’ याचे पैसे पडत नाहीत, फक्त आईबापाचा खाडा होतो. पासवर्ड सायबरवाल्याच्या वहीत. ओटीपी आला की आपण तो चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणजे आपल्या घराची किल्ली आपणच नाक्यावर टांगून येतो.

आणि नोकरी? लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द लागतात. आपल्या पोरांचे अंगठे मोबाइलवर घोड्यासारखे पळतात. पण त्या परीक्षेत अंगठा चालत नाही, दहा बोटं लागतात, आणि दहा बोटांना कीबोर्ड लागतो. क्लासात रोज मिळणारा एक तास पुरत नाही. ज्याच्या घरी मशीन आहे तो रात्री जेवून आणखी दोन तास बडवतो. मग निकाल लागला की आम्हाला मेरिट शिकवायला हेच लोक पुढे!

तर मुद्दा असा की घरात एक कॉम्प्युटर पाहिजे. आणि मी म्हणतो, जुना घ्या.

हे वाक्य मी वस्तीत जिथं जिथं बोललोय तिथं तिथं तोंडं वाकडी झालीत. ‘दुसऱ्यानं वापरलेलं कशाला? घेऊ तर नवीनच घेऊ, हप्त्यानं का होईना.’ ही नुसती हौस असती तर मी दोन शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण ही हौस नाही. ही जुनी जखम आहे आणि ती मला कळते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यायचं ते लिहून ठेवलंय: उष्टं अन्न, जुनी वस्त्रं, घरातलं जुनंपानं सामान. चांडाळाला तर मेलेल्याच्या अंगावरचे कपडे. हे नुसतं पुस्तकात राहिलं नाही. माझ्या आजीच्या अंगावर कधी नवं लुगडं नव्हतं, वाड्यावरून उतरलेलं असायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळं तुकडं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ते पुस्तकच जाळलं. ज्या समाजानं उतरलेलं नाकारायला इतकं रक्त आटवलं, त्याला जुन्या वस्तूची शिसारी येणारच.

पण दोस्तांनो, उतरलेलं लुगडं आजीनं निवडलं नव्हतं. त्याचा भाव केला नव्हता, उलटून पाहिलं नव्हतं, फाटकं निघालं म्हणून परत केलं नव्हतं. हात पसरायचा आणि खाली मान घालून घ्यायचं. इथं तुम्ही दुकानात उभे राहता, मशीन उघडायला लावता, शंभर प्रश्न विचारता, नाही पटलं तर उठून बाजूच्या दुकानात जाता. पैसे मोजता, पावती घेता. गिऱ्हाईक आणि भिकारी यांतला फरक वस्तूच्या वयात नसतो.

म्हणूनच मला ती फुकट वाटपाची नाटकं बघवत नाहीत. बॅनर, हार, स्टेजवर पाहुणे आणि एका खोक्याला तिघांचे हात लागलेला फोटो. त्या खोक्यातली मशीन चालते का, हे विचारायची सोयच नसते; दानात मिळालेलं तपासून घ्यायचं नसतं. हे उतरलेलंच आहे, फक्त त्याला वायर आहे.

आता बाजार बघू. हे जुने कॉम्प्युटर येतात कुठून? बरेचसे मोठ्या कंपन्यांतून. बँका, आयटीवाले, विमावाले हजारांनी मशीन घेतात, पुष्कळदा भाड्यानंच, आणि तीन-चार-पाच वर्षांत बदलून टाकतात. मशीन मेलेली नसते, करार संपलेला असतो. मग लॉटच्या लॉट व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून दिल्लीच्या नेहरू प्लेसला, आपल्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला उतरतात. डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक ही नावं तिथं सारखी ऐकू येतील. हा ऑफिससाठी बनलेला माल. अंगानं दणकट, खोलायला सोपा, सुटे भाग मिळतात.

साधारण १५ ते २० हजारांत यातली बरी मशीन मिळते. तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पैशांत नवी करकरीत मशीनही मिळते, आणि फसवणूक नेमकी तिथं आहे. तिच्यात कमजोर प्रोसेसर, बोर्डावर चिकटवलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची साठवण असते. विंडोजचे दोन मोठे अपडेट आले की जागा संपली, आणि वाढवायची म्हटली तर वाव नाही. वर हप्ता. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनंच २०१३ साली बँकांना सुनावलंय. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये नाही तर किमतीत लपवलेलं असतं. मशीन दोन वर्षांत रडायला लागते.

दुकानात पाय ठेवलात की ‘आय सेव्हन आहे साहेब’ हे पहिलं वाक्य कानावर येईल. स्टिकरला भुलू नका. पूर्ण नंबर वाचा. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, २०१७ ची, चार कोअरची. आय७-२६२०एम म्हणजे दुसरी पिढी, २०११ ची, दोन कोअरची. नावात सात असलेली म्हातारी, पाच असलेली तरुण. डॅशनंतरचा आकडा पिढी सांगतो. दहावी आणि पुढची असेल तर पहिले दोन आकडे बघायचे. पिढीचं एवढं का? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे सातव्या पिढीच्या आणि त्याआधीच्या चालत्या मशीन रातोरात म्हाताऱ्या ठरल्या. त्यांना काही झालेलं नाही, एका कंपनीनं त्यांना वाळीत टाकलंय. म्हणून त्या स्वस्त आहेत. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

रॅम ८ जीबी पाहिजे. आणि डिस्क फिरणारी नको, एसएसडी पाहिजे. हे माझं ठाम मत आहे. जुनी मशीन ‘स्लो’ असते ती नव्वद वेळा त्या फिरणाऱ्या डिस्कपायी. एसएसडी टाकली की तीच मशीन उठून पळते. २५६ जीबी घरच्या कामाला पुरते. डिस्कची तब्येत सांगणारी फुकट प्रोग्राम आहेत. किती तास चालली, खराब जागा किती पडल्या, सगळं आकड्यात दिसतं. दुकानदाराला ते समोर चालवायला लावा. विंडोजमध्ये बॅटरीचाही अहवाल निघतो; कारखान्यातून निघताना किती भरत होती आणि आज किती भरते, दोन्ही आकडे त्यात असतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुलतोय किंवा टचपॅड वर आलाय, तर बॅटरी फुगलीय. ती मशीन खाली ठेवा आणि निघा. छोट्या खोलीत आगीचा डाव नको.

पडदा एकदा पांढरा करून बघा, एकदा काळा. प्रत्येक कळ दाबा, ‘एंटर’ आणि ‘स्पेस’ जरा जास्त वेळा. सगळ्या यूएसबी खोबणी, कॅमेरा, वायफाय. बिजागरी दोन-चारदा उघडमिट करा. अर्धा तास लागतो. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या, पैसे तुमचे जाणार आहेत.

आता कुलपाचं. याबद्दल बाजारात फारसं कुणी सांगत नाही. कंपनीच्या मशीनवर कंपनीचं कुलूप असू शकतं. चालू होताना बायोसमध्ये शिरून बघा, तिथं पासवर्ड मागत असेल तर सौदा बंद. दुसरं कुलूप आणखी चोरटं. दुकानात विंडोज झकास चालतं. घरी येऊन तुम्ही मशीन रिसेट करता, नेट जोडता, आणि पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि तिथलं लॉगिन मागतं. कारण मशीनची नोंद अजून त्या कंपनीच्या खात्यावर आहे. म्हणून रिसेट दुकानातच करायला लावा आणि नेट जोडूनच करायला लावा.

आणि चोरीचा माल. मशीनच्या पोटावरचा सिरीयल नंबर आणि बायोसमधला नंबर जुळतोय का बघा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. ‘पावती घेतली तर जीएसटी पडेल’ म्हणेल, पडू दे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे टॉवरमधल्या पोरानं सांगितलं तर पोलीस ऐकून घेतो. आपल्या पोरानं सांगितलं तर आधी कानफटात बसते, कलम नंतर निघतं. तो कागद तुमचं कवच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत दाखल्यांबरोबर ठेवा. मशीन बिघडली आणि दुकानदार उलटला तरी ग्राहक आयोगापुढे पहिला तोच कागद मागतील.

‘रिफर्बिश्ड’ या शब्दाला फार मान देऊ नका. खरा रिफर्बिश्ड म्हणजे खोलून तपासलेला, खराब भाग बदललेला, लेखी वॉरंटीचा. पण फडक्यानं पुसून वर नवी स्टिकरची कातडी चढवलेल्या मशीनलाही बाजारात तेच नाव आहे. त्या कातडीखाली तडा असू शकतो, एक कोपरा सोलून बघा. सहा महिने किंवा वर्षाची वॉरंटी कागदावर असेल तर दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही. तोंडी असेल तर ती हवेत विरते.

आता त्या वाळीत टाकलेल्या मशीन. दुकानदार म्हणेल, ‘विंडोज टाकून देतो, फुकट.’ हे फुकट म्हणजे क्रॅक, आणि क्रॅकबरोबर कोण घरात शिरतो ते कळत नाही. ज्या मशीनवरून आपण बँक उघडणार, आधार टाकणार, तिच्यात चोराला का झोपवायचं? लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका. दोन्ही राजरोस फुकट आहेत, आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवरही चालतात, त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. लिब्रेऑफिसवर पत्र, अर्ज, हिशेब होतात. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच. फॉर्म ब्राउझरमध्ये भरायचे असतात, त्यांना खाली विंडोज आहे की लिनक्स याच्याशी देणंघेणं नाही. एक अडचण मात्र आहे: काही क्लासची आणि परीक्षांच्या सरावाची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. टायपिंगच्या परीक्षेला बसणार असाल तर क्लासात आधी विचारा, मग मशीन घ्या.

लॅपटॉप की डेस्कटॉप? सगळे लॅपटॉप मागतात. वीज जाते, जागा नसते, हे खरं. पण मी वस्त्यांत एक गोष्ट पाहिलीय. लॅपटॉप घेतला की तो भावाच्या बॅगेत जातो. सकाळी भाऊ बाहेर, लॅपटॉप बाहेर. रात्री भाऊ येईल तेव्हा, आणि त्याचा मूड असेल तर बहिणीला मिळतो. डेस्कटॉप घरात राहतो, आणि दुपारी घरात कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. जागेची तक्रार करू नका. ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप येतात. थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, जाड पुस्तकाएवढे असतात, मॉनिटरच्या पाठीला लटकतात. दहा बाय दहाच्या खोलीत फळी ठोकली की काम झालं. घ्यायचा असेल तर सोबतचा मॉनिटर सपाट एलईडीचाच घ्या. जुना पेटीसारखा डबा फुकट मिळाला तरी नको, त्याच्या काचेत शिसं असतं.

आणि तो डबा, ती फुगलेली बॅटरी, तो मेलेला बोर्ड शेवटी कुठं जातो हेही माहीत असू द्या. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातानं मशीन फोडतात, वायर जाळून तांबं काढतात, बोर्डातला धातू ॲसिडनं काढतात. ई-कचऱ्याचे नियम २०११ पासून आहेत, २०१६ ला बदलले, २०२२ ला पुन्हा आले. पण धूर ज्यांच्या छातीत जातो ते आपल्यासारखेच गरीब. चालती मशीन आणखी पाच वर्षं चालली तर तेवढा धूर पुढे ढकलला जातो. मोडली तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या.

जाताना एकटे जाऊ नका. वस्तीतला एक जाणता आणि ज्याच्या घरी मशीन बसणार आहे तो, किंवा ती, असे दोघं-तिघं जा. आणि पावतीवर नाव बहिणीचं घाला. दुकानदार ‘दादांचं नाव सांगा’ म्हणेल, तिलाच सांगू द्या, स्पेलिंगसकट.