लॅपटॉप घेताय? आधी हळदीचा हिशोब करा!

मंडळी, परवा हट्ट्याहून चुलतभावाचा फोन. "दादा, प्रोग्रामिंग शिकायचंय. मॅकबुकच घेऊ ना? सगळे तेच म्हणतात." पैसे कुठले? काकांच्या हळदीचे. झालं, डोकंच फिरलं!

हे 'सगळे' म्हणजे आपणच हो. पुण्यात कंपनीनं दिलेल्या मशीनवर बसायचं आणि दुसऱ्याच्या खिशावर शहाणपण शिकवायचं. मॅकबुक वाईट नाही. २०२० च्या एम१ पासून तर बॅटरी खरंच झकास चालते. पण तिची रॅम नंतर वाढवता येत नाही. आज कमी घेतली की कायमची कमी!

माझं सरळ मत : १६ जीबी रॅम, एसएसडी आणि रॅम वाढवता येईल असा साधा लॅपटॉप घ्यावा. वापरलेला असला तरी चालेल, फक्त बॅटरी तपासून घ्यावी. त्यावर लिनक्स टाकावं, तेही फुकट. पायथन, जावा, गिट सगळं मजेत चालतं. आयफोनची अ‍ॅप्स करायची तर एक्सकोडसाठी मॅक लागतो, एवढं मान्य. पण शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी ते कशाला?

मी स्वतः इंजिनिअरिंग एका सेकंडहँड डबड्यावर काढलं. नोकरी लागलीच की!

असो. उरलेले पैसे काकांच्या पुढच्या बेण्याला राहू द्या. पटतंय का?